मानसिक आजारांवरील औषधे: पहिल्या गोळीपासून औषध बंद करण्यापर्यंत

मानसोपचारतज्ज्ञांनी औषध लिहून दिले की बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो, की ही गोळी घ्यावी की घेऊ नये. घेतल्यावर कोणता परिणाम केव्हा दिसेल, हे मात्र फार थोडे जण विचारतात आणि पुढचा बराचसा गोंधळ त्यातूनच उद्भवतो. या औषधांपैकी अनेकांचा त्रास पहिल्या आठवड्यात जाणवतो आणि गुण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. काहींचा गुण अर्ध्या तासात येतो आणि त्रास काही महिन्यांनी उघड होतो. हे वेळापत्रक ठाऊक नसेल, तर चांगले औषध पाचव्या दिवशी सोडले जाते आणि थोड्याच दिवसांसाठी दिलेली, सवय लावणारी गोळी ‘हीच खरी लागू पडली’ म्हणून वर्षानुवर्षे चालू राहते.

मी स्वतः नैराश्यासाठी औषधे घेतली आहेत, आणि आमच्या घरातील एका व्यक्तीच्या द्विध्रुवीय विकाराच्या, म्हणजे बायपोलरच्या, औषधांचा व रक्ततपासण्यांचा हिशेब माझ्याकडे असतो. मी डॉक्टर नाही. त्यामुळे कोणी कोणते औषध किती घ्यावे, हे या लेखात सापडणार नाही. डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसल्यावर योग्य प्रश्न विचारता यावेत आणि घरी आल्यावर विनाकारण घाबरायला होऊ नये, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

१. पहिल्या भेटीआधी कागद तयार ठेवा

भेटीची वेळ मर्यादित असते आणि आजारपणात स्मरणशक्ती साथ देत नाही, म्हणून पुढील गोष्टी लिहूनच न्याव्यात.

- सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांच्या गोळ्यांबरोबरच गर्भनिरोधक गोळ्या, अधूनमधून घेतली जाणारी वेदनाशामके, वनौषधी आणि व्यायामासाठी घेतली जाणारी पूरकेही त्यात हवीत.
- पूर्वी घेतलेली मानसिक आजारांवरील औषधे: नाव, मात्रा, किती आठवडे घेतली आणि का थांबवली.
- अलीकडचे तपासणी अहवाल: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, साखर, यकृत आणि मूत्रपिंड. थायरॉइडचे काम मंदावल्यानेही नैराश्यासारखी लक्षणे दिसतात.
- फिट येणे, दमा, काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचे विकार आणि औषधांची ॲलर्जी यांची नोंद.
- रक्ताच्या नात्यात कोणाला मानसिक आजार असल्यास त्याची माहिती, आणि त्या व्यक्तीला कोणते औषध लागू पडले तेही.

तीन गोष्टी लोक संकोचाने सांगत नाहीत, आणि औषधाची निवड नेमकी त्यांवरच अवलंबून असते. पहिली गोष्ट म्हणजे दारू, तंबाखू किंवा अन्य नशा. दुसरी म्हणजे गर्भधारणा किंवा तिची शक्यता. तिसरी तर अनेकांना सांगण्याजोगी वाटतच नाही: आयुष्यात कधी असा काळ येऊन गेला का, की कित्येक दिवस दोन-तीन तासांच्या झोपेवरही थकवा नव्हता, डोक्यात कल्पनांची गर्दी होती, बोलणे थांबत नव्हते आणि पैसा हातातून सुटत होता? तो काळ उन्मादाचा असू शकतो. तसे असेल तर आताचे नैराश्य द्विध्रुवीय विकारातील ठरते, आणि तिथे केवळ नैराश्यावरची गोळी दिल्यास उन्माद उसळण्याचा धोका असतो. रुग्णाला तो काळ ‘आयुष्यातला चांगला काळ’ म्हणून आठवतो, त्यामुळे तो तक्रार म्हणून सांगितला जात नाही. शक्य असल्यास, तो काळ बाहेरून पाहिलेल्या घरच्या एका माणसाला बरोबर न्यावे.

२. चिठ्ठीवरचे नाव नीट वाचा

प्रत्येक गोळीला दोन नावे असतात, एक कंपनीने दिलेले आणि एक औषधाचे मूळ नाव. मूळ नाव पाठ करा. कंपनी बदलली की गोळीचा रंग, आकार आणि वेष्टन बदलते, आणि मग एकच औषध दोन नावांनी दोनदा घेतले जाण्याचा प्रकार घडतो. नावापुढील एसआर, एक्सआर, ईआर, सीआर ही अक्षरे औषध शरीरात सावकाश सोडले जाते असे सांगतात. अशा गोळ्या चुरडू किंवा चावू नयेत, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय साध्या गोळीशी त्यांची अदलाबदल करू नये.

गटाच्या नावावरून स्वतःचे निदान मात्र ठरवू नका. क्वेटियापिन हे मनोविकृतीविरोधी, म्हणजे भास व पक्का बसलेला संशय यांवरचे, औषध द्विध्रुवीय विकारातील नैराश्यातही दिले जाते. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएट उन्मादात वापरतात, आणि ‘नैराश्यविरोधी’ म्हणवणाऱ्या गोळ्या भीतीचे झटके, सततची चिंता आणि मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, यांवरचा प्रमुख उपचार आहेत. इंटरनेटवर औषधाचे नाव शोधून ‘मला डॉक्टरांनी न सांगितलेला मोठा आजार आहे’ अशा निष्कर्षाला येणारे अनेक जण मी पाहिले आहेत. त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारावे: हे औषध मला कोणत्या लक्षणासाठी आहे? गुण केव्हा दिसू लागेल? आधी कोणता त्रास होईल आणि तो किती दिवसांत ओसरेल? कोणती तपासणी केव्हा करायची? आणि साधारण किती काळ घ्यावे लागेल?

३. गोळी मेंदूत नेमके काय करते

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, ते समोरच्या पेशीवरील ग्राहींना, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना, जाऊन भिडते आणि संदेश पुढे जातो. काम झाल्यावर सेरोटोनिन, नॉरॲड्रेनालिन आणि डोपामाइन ही रसायने बहुतांशी ज्या पेशीतून आली तिच्यातच परत शोषली जातात. औषधे या साखळीत मोजक्याच ठिकाणी हात घालतात. काही हे परत शोषणे अडवतात, काही ग्राही झाकून टाकतात, काही ग्राहीचा प्रतिसाद वाढवतात, आणि लिथियमसारखे औषध पेशीच्या आतल्या संदेशवहनावर परिणाम करते.

‘मेंदूतले रसायन कमी झाले आहे, गोळी ते भरून काढते’ हे स्पष्टीकरण ऐकायला सोपे असले तरी त्यावर पूर्ण विसंबू नये. एसएसआरआय या नैराश्यविरोधी गटातील गोळी सेरोटोनिनचे परत शोषणे काही तासांतच अडवते, पण मन सावरायला आठवडे लागतात. प्रश्न केवळ कमतरतेचा असता तर गुण दुसऱ्याच दिवशी यायला हवा होता. मधल्या आठवड्यांत ग्राहींची संवेदनशीलता बदलते, पेशींमधील जोडण्यांना बळ देणारी प्रथिने वाढतात आणि भावनांचे नियमन करणाऱ्या भागांचे काम हळूहळू पालटते, असे आज मानले जाते. चित्र अजून पूर्ण झालेले नाही, आणि त्याचे एक कारण इतिहासात आहे. जॉन केड यांनी १९४९ साली ऑस्ट्रेलियात लिथियमचा उन्मादावरील गुण नोंदवला, तेव्हा त्यामागची कारणमीमांसा कोणाजवळच नव्हती. १९५२ साली पॅरिसमध्ये मनोविकृतीवर वापरले गेलेले क्लोरप्रोमाझिन शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातून आले. क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिडने रुग्णांची मनःस्थिती उंचावते, हे योगायोगाने लक्षात आले. म्हणजे गुण आधी दिसला आणि कारण नंतर शोधले गेले. त्यामुळे औषधाचा भरवसा त्याच्या स्पष्टीकरणावर ठेवू नये. चाचण्यांमध्ये काय दिसले आणि आपल्या नोंदवहीत काय उतरले, यांवर तो ठेवावा.

दुष्परिणाम मात्र बरेचसे समजण्याजोगे आहेत. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असते, म्हणून सेरोटोनिनवर काम करणारी गोळी सुरुवातीला मळमळ आणि जुलाब आणते. हिस्टामिनचे ग्राही झाकले गेले की झोप येते आणि भूक वाढते. ॲसिटिलकोलिनचे ग्राही झाकले गेले की तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते आणि जवळचे वाचताना धूसर दिसते. रक्तवाहिन्यांवरील ॲड्रेनालिनचे ग्राही झाकले गेले की पटकन उभे राहताना चक्कर येते. आपली गोळी यांपैकी कोणत्या ग्राहींना स्पर्श करते एवढे कळले, तरी अर्ध्या तक्रारींचा उलगडा घरबसल्या होतो.

४. नैराश्य आणि चिंतेवरील औषधांचे पहिले आठ आठवडे

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन आणि फ्लुव्होक्सामिन ही एसएसआरआय गटातील परिचित नावे. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन सेरोटोनिनबरोबर नॉरॲड्रेनालिनवरही काम करतात. मिर्टाझापिनने झोप आणि भूक वाढते, त्यामुळे वजन घटलेल्या, झोप उडालेल्या रुग्णाला ते सोयीचे पडते. बुप्रोपिऑनमुळे लैंगिक अडचणी तुलनेने कमी येतात, पण फिट येणाऱ्यांना ते देत नाहीत. एमिट्रिप्टिलिनसारखी जुन्या ट्रायसायक्लिक गटातील औषधे परिणामकारक असली तरी जास्त प्रमाणात पोटात गेल्यास हृदयाला घातक ठरतात, म्हणून जिथे आत्मघाताचा धोका आहे तिथे त्यांचा साठा घरात ठेवू नये.

पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, सैल शौच, घाम, झोपेत बदल आणि कधी कधी मूळच्या चिंतेत भर, असा अनुभव येतो. भीतीचे झटके येणाऱ्यांना ही भर विशेष जाणवते, म्हणून त्यांना अगदी लहान मात्रेने सुरुवात करून देतात. गोळी जेवणानंतर घेतल्यास मळमळ कमी होते. तिने झोप उडत असेल तर सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री घेता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. यांपैकी बराचसा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. लैंगिक इच्छा कमी होणे किंवा परमोच्च क्षण लांबणे हा त्रास मात्र आपोआप जाईलच असे नाही. लाजेमुळे त्याविषयी बोलले जात नाही आणि मग औषधच गुपचूप बंद होते. त्यावर मात्रा कमी करणे, औषध बदलणे असे उपाय आहेत, पण डॉक्टरांना कळल्याशिवाय ते होणार कसे?

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात बदल सुरू होतो, आणि तो रुग्णाच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतो. आंघोळ वेळेवर होते, फोन उचलला जातो, जेवताना एखादे वाक्य बोलले जाते. मनातली उदासी अजून तशीच असू शकते. हा टप्पा नाजूक असतो, कारण हालचालीला बळ आधी येते आणि निराशा मागाहून हटते. पंचविशीच्या आतील रुग्णांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ साली मुले व किशोरवयीनांसाठी दिलेला ठळक इशारा २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याचा अर्थ त्यांना औषध देऊ नये असा नव्हे. पहिले काही आठवडे भेटी लवकर ठेवाव्यात आणि घरच्यांनी लक्ष ठेवावे, असा त्याचा अर्थ आहे.

पुरेशी मात्रा चार आठवडे नियमित घेऊनही काहीच फरक नसेल, तर औषधाचा फेरविचार करणे योग्य ठरते. थोडा फरक असेल, तर सहा ते आठ आठवडे वाट पाहतात. मंत्रचळात आठ ते बारा आठवडे लागतात आणि मात्राही बहुधा जास्त लागते. पहिले औषध लागू पडले नाही म्हणजे आपण असाध्य आहोत, अशी समजूत करून घेऊ नका. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने लक्षणे पूर्णपणे जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशच होते. उरलेल्यांपैकी अनेकांना पुढच्या टप्प्यांत गुण आला.

५. मनोविकृतीविरोधी औषधे

भास, पक्का बसलेला संशय, विचारांची विस्कळीतता यांवर दिली जाणारी ही औषधे प्रामुख्याने डोपामाइनचा डी-२ हा ग्राही झाकतात. हॅलोपेरिडॉल आणि ट्रायफ्लुओपेराझिन जुन्या पिढीतील, तर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अमिसल्प्राइड आणि ॲरिपिप्राझोल नव्या पिढीतील. मेंदूच्या छायाचित्रणातून असे दिसले आहे की साधारण ६५ टक्के ग्राही झाकले गेले की गुण येऊ लागतो आणि सुमारे ८० टक्क्यांच्या पुढे गेल्यास गुण न वाढता ताठरपणा व कंप वाढतो. ‘मात्रा दुप्पट केली तर दुप्पट लवकर बरे वाटेल’ हा हिशेब इथे चुकतो तो यामुळेच. ॲरिपिप्राझोल ग्राही पूर्ण बंद न करता अर्धवट चालू ठेवते.

बेचैनी आणि झोप पहिल्या काही दिवसांत सुधारते, भास व संशय ओसरायला मात्र काही आठवडे लागतात. या औषधांतील सर्वांत चकवणारा त्रास म्हणजे आतून येणारी अस्वस्थता: रुग्णाला एका जागी बसवत नाही, तो सारखा पाय हलवतो, येरझाऱ्या घालतो. घरच्यांना आजार वाढल्यासारखा वाटतो आणि ते जास्त मात्रा मागतात, वास्तविक हा औषधाचाच परिणाम असल्याने मात्रा कमी करण्याची गरज असू शकते. मान किंवा डोळे अचानक एका बाजूला वळून आखडणे हा प्रकार भयानक दिसतो, पण योग्य इंजेक्शनने तो थोड्याच वेळात सुटतो, म्हणून लगेच दवाखाना गाठावा. दीर्घकाळानंतर ओठ, जीभ किंवा जबडा नकळत हलू लागल्यास ते लवकर दाखवावे, कारण ती हालचाल कायमची राहू शकते.

नव्या औषधांचा खरा प्रश्न वजन, साखर आणि चरबीचा आहे. ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांत तो सर्वाधिक असतो. वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड यांची नोंद औषध सुरू करण्याआधी, साधारण तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी व्हायला हवी. पहिल्या महिन्यातली वजनवाढ कमी लेखू नये. पाळी अनियमित होणे किंवा स्तनांतून स्राव येणे हे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्याचे लक्षण असू शकते, विशेषतः रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड यांवर असताना.

इतर दोन औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात क्लोझापिन दिले जाते. ते पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटवू शकते, म्हणून सुरुवातीचे काही महिने सहसा दर आठवड्याला रक्ततपासणी करतात. ताप किंवा घसादुखी आल्यास त्याच दिवशी रक्त तपासावे, आणि त्याच्यामुळे होणारी बद्धकोष्ठता क्षुल्लक समजू नये, कारण ती जिवावर बेतू शकते. क्लोझापिन ४८ तासांहून अधिक काळ चुकले, तर पूर्वीच्या मात्रेने पुन्हा सुरू करू नये. रोजची गोळी ज्यांच्या हातून राहून जाते, त्यांच्यासाठी काही औषधांची दोन आठवड्यांनी, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शने मिळतात. माझ्या मते हा पर्याय डॉक्टरांनी सुचवण्याची वाट न पाहता आपणच विचारावा.

६. मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे

लिथियम हे माझ्या रोजच्या हिशेबातील औषध असल्याने त्याविषयी थोडे अधिक लिहितो. ते साधा क्षार असूनही उन्माद आणि नैराश्य दोन्हींचे झटके रोखते आणि आत्महत्येचा धोका कमी करते. अडचण एवढीच, की गुणाची मात्रा आणि विषबाधेची मात्रा यांत अंतर फार कमी आहे. रक्तातील पातळी सहसा ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर या दरम्यान ठेवतात, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. वयस्क व्यक्तींना त्याआधीही त्रास होऊ शकतो.

तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे असते. म्हणजे रात्री नऊला गोळी घेतली, तर सकाळी नऊला रक्त द्यायचे आणि सकाळची गोळी असल्यास ती रक्त दिल्यावरच घ्यायची. आधी गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेल्यास आकडा खोटा वाढलेला दिसतो आणि त्यावरून मात्रा नाहक घटवली जाते. मात्रा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी पातळी पाहतात, बस्तान बसल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि त्याबरोबर मूत्रपिंड, थायरॉइड व कॅल्शियमही.

मूत्रपिंडे लिथियमला मिठातील सोडियमसारखेच वागवतात. जुलाब, उलट्या, ताप, खूप घाम किंवा मीठ अचानक सोडणे यांमुळे शरीरातील सोडियम व पाणी घटले, की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि पातळी चढते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके आणि रक्तदाबाची काही औषधेही हेच करतात. म्हणून मीठ व पाणी रोज सारखे ठेवावे आणि अंगदुखीसाठी कोणती गोळी चालेल हे आधीच विचारून ठेवावे. पॅरासिटामॉल सहसा चालते. हाताची बारीक थरथर आणि तहान नेहमीची असते. मोठी थरथर, तोल जाणे, जीभ जड होणे, सतत उलट्या किंवा जुलाब झाल्यास पुढची गोळी न घेता ताबडतोब रुग्णालयात जावे.

व्हॅल्प्रोएट उन्मादात लवकर काम करते, पण गर्भावर त्याचा परिणाम गंभीर असतो: सुमारे १० टक्के बाळांमध्ये मोठे जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० टक्के मुलांमध्ये विकासाच्या अडचणी आढळल्या आहेत. मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते देण्याआधी ही चर्चा झालीच पाहिजे. लॅमोट्रिजिनची मात्रा अनेक आठवडे अतिशय सावकाश वाढवतात, कारण घाईने वाढवल्यास त्वचा सोलवटणारी जीवघेणी पुरळ उठू शकते. ते सलग पाचेक दिवस चुकले, तर पूर्वीची मात्रा आपल्या मनाने सुरू न करता डॉक्टरांना फोन करावा. कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो. दुसरीकडे, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी जवळजवळ निम्म्यावर आणतात.

७. लगेच बरे वाटवणाऱ्या गोळ्या

अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम आणि डायझेपाम या बेन्झोडायझेपिन गटातील गोळ्या मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवतात. अर्ध्या-एक तासात छातीतली धडधड थांबते, म्हणून त्या सर्वांत आवडत्या ठरतात आणि म्हणूनच जपून घ्याव्या लागतात. मूळ औषधाचा गुण येईपर्यंतच्या दोन ते चार आठवड्यांचा काळ निभावणे हा त्यांचा उत्तम उपयोग आहे. त्यापुढे शरीर त्यांना सरावते, तीच मात्रा अपुरी वाटू लागते आणि गोळी चुकली की दुप्पट चिंता येते. दीर्घकाळ घेतल्यावर अचानक बंद केल्यास फिट येऊ शकते. या गोळ्या दारूबरोबर किंवा अफूजन्य वेदनाशामकांबरोबर घेतल्यास श्वास मंदावून मृत्यूही ओढवू शकतो. वयस्कांमध्ये पडणे आणि विसराळूपणा वाढतो. गोळी लिहून मिळतानाच ‘ही कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची?’ हे विचारा आणि ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.

मंचावर बोलण्याच्या भीतीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल सवय लावत नाही, पण दमा असणाऱ्यांनी ते घेऊ नये.

८. एकत्र घेऊ नयेत अशा गोष्टी

सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीबरोबर ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, लिनेझोलिड हे प्रतिजैविक, खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी घेतल्यास सेरोटोनिन अतिरिक्त होण्याचा धोका असतो. एसएसआरआय आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके एकत्र आल्यास पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. दारूने गुंगी वाढते आणि नैराश्यही. एक अनपेक्षित गोष्टही सांगून ठेवतो: धूम्रपानाच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे धूम्रपान सोडल्यावर त्याच मात्रेत त्यांची पातळी चढते. धूम्रपान अवश्य सोडावे, मात्र डॉक्टरांना आधी कळवून. दंतवैद्यासह प्रत्येक डॉक्टरला आपल्या औषधांची यादी दाखवावी.

९. नोंदवही ठेवा

रोज एक ओळ पुरे: गोळी घेतली का, झोप किती तास, मनःस्थिती दहापैकी किती, आणि काही त्रास. आठवड्यातून एकदा वजन. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या छोट्या प्रश्नावल्या दर पंधरा दिवसांनी भरल्या तर चढउतार आकड्यांत दिसतो, कारण नैराश्यात माणसाला आपण कधी सुधारलो होतो हेच आठवत नाही. गोळी विसरल्यास आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर विसरलेली गोळी सोडून द्यावी. दोन्ही एकत्र घेऊ नयेत.

१०. वाट न पाहता रुग्णालय गाठावे अशी लक्षणे

- मनोविकृतीविरोधी औषध चालू असताना जोराचा ताप, लाकडासारखे ताठ अंग, घाम आणि भान हरपणे.
- सेरोटोनिनवरील औषध वाढवल्यावर किंवा त्यात भर पडल्यावर काही तासांत कंप, स्नायूंचे झटके, जुलाब, ताप आणि कमालीची बेचैनी.
- लॅमोट्रिजिन किंवा कार्बामाझेपिनवर असताना पुरळ, विशेषतः ताप, तोंडातील फोड किंवा डोळ्यांची लाली यांसह.
- वर सांगितलेली लिथियमच्या विषबाधेची लक्षणे.
- जीव देण्याचे विचार बळावणे. अशा वेळी रुग्णाला एकटे सोडू नये आणि घरातील गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्यावा.

११. औषध बंद करणे

नैराश्याचा पहिलाच झटका असेल, तर पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही सहसा सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ. ‘आता बरे वाटते, मग गोळी कशाला’ हा विचार अगदी स्वाभाविक आहे, पण त्या दिवसांतले बरे वाटणे बऱ्याच अंशी गोळीच्या आधाराने आलेले असते. द्विध्रुवीय विकार आणि स्किझोफ्रेनिया यांत औषध दीर्घकाळ चालते आणि लिथियम एकाएकी सोडल्यास उन्माद लवकर उलटण्याची भीती असते. गर्भधारणा झाल्याचे कळताच घाबरून सगळ्याच गोळ्या फेकून देऊ नयेत. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, कारण आजार उलटणेही आई आणि बाळ दोघांना अपायकारक असते.

बंद करायचे ठरले, तर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी. पूर्ण मात्रेवरून अर्ध्यावर येताना मेंदूवरील परिणाम थोडाच घटतो, आणि शेवटच्या छोट्या मात्रेवरून शून्यावर येताना तो एकदम कोसळतो, म्हणून शेवटचे टप्पे अधिक लहान आणि अधिक सावकाश हवेत. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडताना त्रास जास्त होतो. फ्लुओक्सेटिन शरीरात अनेक दिवस रेंगाळत असल्याने ते तुलनेने सौम्यपणे सुटते. डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, भोवळ, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने ही लक्षणे मात्रा घटवल्यावर काही दिवसांतच सुरू झाली आणि पूर्वीची मात्रा घेताच शमली, तर तो बहुधा औषध सोडण्याचा त्रास असतो. त्याला आजार उलटल्याचे समजू नये. तसे झाल्यास मागच्या मात्रेवर परतून अधिक हळू उतरता येते. आजार उलटतो तेव्हा तो सहसा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि पूर्वीचीच लक्षणे घेऊन येतो. त्यामुळे शेवटची गोळी घेण्याआधीच त्यानंतरच्या तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यातील भेटीच्या तारखा ठरवून घ्याव्यात आणि तोवर नोंदवही चालू ठेवावी.